बेल न वाजवता आलेले पाहुणे

म्युनिकच्या ऑफिसात जेवताना मी तावातावाने सांगायचो, "वॉरंट असलं म्हणून काय झालं? पोलिसांनी आधी बेल वाजवलीच पाहिजे. कायदा बदला!"

एका पहाटे पोलिसांनी शेजाऱ्याचं समजून आमचंच दार फोडलं. हेल्मेटवाले धडाधड आत घुसले. मी हात वर केले आणि म्हणालो, "सॉरी." हात खाली घ्यायची परवानगी मिळताच, कुणी मागितलेली नसताना फाइल काढली आणि व्हिसा, भाडेकरार, वर दहावीची मार्कशीटही दाखवली.

चूक कळल्यावर त्यांचा साहेब ओशाळला, माफी मागू लागला. बायको माझ्यावर कडाडली, "अहो, आता बोला की, जेवताना बोलता ते!"

बोललो ना. मोडक्या दारापर्यंत त्यांना सोडायला गेलो आणि अस्खलित जर्मनमध्ये म्हणालो, "या हं परत."