कांदा गप झाला की जागं राहावं

माझ्या भाचीच्या लग्नात अकरा किलो कांद्यात मी मूठभर खाण्याचा सोडा टाकला. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आदल्या आठवड्यात मोबाइलवर एका दाढीवाल्या गृहस्थानं 'सोडा टाका, दहा मिनिटांत कांदा तांबूस' असं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्याची दाढी इतकी व्यवस्थित कोरलेली होती की हा माणूस खोटं बोलेल असं मला वाटलं नाही. बस, एवढंच कारण.

तो कांदा दमानं मामांचा होता.

मानवतला माझी बदली झाली तेव्हा समोरच्या घरात मामा-मामी राहायचे. मामा मूळचे ताडकळसचे, धंद्यानं लग्नाचे आचारी. त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर असेल. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. बोलण्याची सुरुवातच 'दमानं' या शब्दानं करायची, म्हणून नाव दमानं मामा. एकदा मागच्या गोठ्याला आग लागली. सगळी गल्ली बादल्या घेऊन पळत होती आणि मामा कडेला उभे राहून सांगत होते, "दमानं पळा, पाणी सांडंल." आग विझली. पाणीही फारसं सांडलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

मामांची खरी ख्याती कांद्याची. वांग्याचा रस्सा असो की साधी आमटी, तिच्या बुडाशी मामांनी तासभर परतलेला, काकवीसारख्या रंगाचा गोडसर कांदा असायचा. पंगतीतली माणसं पुरी संपली तरी वाटी चाटत बसायची. आणि गंमत अशी, की हा माणूस स्वतः कांदा खात नव्हता.

त्याचं कारण काशी. मी मानवतला येण्याच्या कितीतरी आधी गल्लीतली दहा-बारा माणसं मिळून काशीला गेली होती. तिथं गेलं की आवडीची एक वस्तू देवापुढं सोडायची असते. ती पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही. एकानं कारलं सोडलं, दोघांनी दोडका सोडला. एका काकूंनी पिझ्झा सोडला, जो त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. मामांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "कांदा."

मामी तिथंच घाटावर कडाडल्या म्हणे. "आचारी माणूस तुमी! कांदा सोडल्यावर भाजी चाखून कोन बगंल?"

"तू बग," मामा म्हणाले. "देवाला कारलं देऊन काय करायचं? त्यो काय कडू खायला बसलाय व्हय?"

तेव्हापासून मामा नाकानं आणि कानानं स्वयंपाक करायचे, आणि चाखायला मामी. दोघांची जोडी सगळ्या पट्ट्यात माहीत होती.

मी त्यांच्याकडं कांदा शिकायला गेलो तो नाइलाजानं. माझी बायको शोभा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, संध्याकाळी उशिरा घरी पोचते. मी शाळेतला क्लार्क, पाचच्या ठोक्याला घरी. ती म्हणाली, निदान मसाल्याचा कांदा तरी परतून ठेवत जा. मी पहिल्याच दिवशी अर्धा किलो कांदा कढईत टाकला आणि तासाभरानं पाहिलं तर वाटीभर उरलेला. शोभा आल्या आल्या मी विचारलं, "तू मधे येऊन खाऊन गेलीस का?" तिनं हात धरून मला समोरच्या घरी नेऊन सोडलं.

मामांनी आधी माझा कांदा पाहिला, म्हणजे नाकाजवळ नेला आणि बोटांनी चाचपला. "कापला कुणी ह्यो? एक फोड बोटाएवढी, एक कागदावानी. बारीक हाय ती जळंल, जाड हाय ती कच्ची ऱ्हाईल. समद्या सारख्या पायजेत." शेंड्याकडून बुडाकडं, उभा चिरायचा. कांदा जुना, वाळलेला घ्यायचा. ओला कांदा परतत नाही, नुसता उकडतो. कढई जाड बुडाची आणि पसरट. त्यात कांदा गच्च भरायचा नाही. तेलात पडला की चिमूटभर मीठ, आच बारीक, आणि झाकण अजिबात नाही.

मी उलथनं घेऊन लगेच खालीवर करू लागलो.

"सारखं डिवचू नका, सायब. ऱ्हाऊ द्या त्याला जागेवर. बुडाला रंग धरला की मग हलवा."

"किती वेळानं?"

"कान हायत ना?"

मग त्यांनी मला कांद्याचा आवाज शिकवला. टाकल्या टाकल्या कांदा ओरडतो. ते त्याच्यातलं पाणी. पाणी आटत आलं की कुरकुरतो. मग एकदम गप होतो. "वरडतंय तवर तुमी पेपर वाचा. कुरकुरतंय तवर च्या प्या. गप झालं की जागं ऱ्हावा. जळायचं असंल तर तवाच जळतंय." बुडाला तांबूस खरपूस थर धरला की पाण्याचा एक हबका मारायचा आणि उलथन्यानं तो थर खरवडून कांद्यातच मिसळायचा, असं तीन-चारदा. चव सगळी त्या थरात. आणि हवा त्या रंगाच्या जरा आधीच खाली उतरवायचा, कारण गरम कढईत तो आणखी पुढं जातो. मी विचारलं, चिमूटभर साखर टाकली तर लवकर रंग येईल का? मामांनी साखरेचा डबा माझ्यापासून लांब सरकवला. "लय घाई असली तर टमाटा खात जावा," म्हणाले.

महिन्याभरात माझा कांदा बरा होऊ लागला. इथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

माझी बहीण ताडकळसला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि भाऊजी म्हणाले, परभणीचा केटरर सांगू. मामांकडं लोकांनी जाणं तोवर कमीच झालं होतं. केटरर पाण्याच्या बाटलीपासून टोपी घातलेल्या वाढप्यापर्यंत सगळं आणतो. त्यात मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण मी हट्टाला पेटलो. "मामा तुमच्याच गावचे. त्यांच्या हातचा रस्सा खाल्ला नाही तर ते लग्न कसलं?" भाऊजी तयार झाले. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी भिंतीला टेकवलेली कढई हातानं चाचपली. मग म्हणाले, "गावात धा वर्सांनी कढई लावायची. तितं नाव गेलं तर मग कुटंच लावायला नको."

नेमकं त्याच वेळी मामींना लेकीच्या बाळंतपणासाठी राणीसावरगावला जावं लागलं. चाखायला कोण? मी छाती पुढं केली. मामी जाताना मला बजावून गेल्या, "सायब, तुमाला समदंच फस्क्लास लागतंय. तोंडाला यील ते सांगू नका. ह्यांना दिसत न्हाई, चाखता येत न्हाई. तुमच्यावर हाय समदं."

लग्नाच्या दिवशी पहाटेच दोन कढया चढल्या. प्रत्येकीत अकरा किलो कांदा. घरचा अर्धा किलो आणि हा ढीग यांत फरक हा की हा ओरडतच राहतो. आठ वाजले, कांदा अजून पांढराच. भाऊजी दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा घड्याळ दाखवत म्हणाले, "मेहुणे, अजून कांदाच? केटररचं तर बुंदीसकट आटपलं असतं." मामा तेव्हा वांगी पाहायला मांडवाच्या पलीकडं गेले होते. मला दाढीवाला आठवला. भज्यांसाठी आणलेला सोडा समोरच होता.

दाढीवाला खोटं बोलला नव्हता. दहा मिनिटांत डावीकडच्या कढईत कांदा तांबूस झाला. बाराव्या मिनिटाला त्याच्या फोडी दिसेनात. पंधराव्या मिनिटाला कढईत लापशी होती, आणि तिला कपडे धुतल्यासारखा वास येत होता.

मामा परत आले. अजून चार पावलं लांब होते तेव्हाच थांबले.

"आवाज बदललाय ह्या कढईचा. काय टाकलं?"

"काही नाही."

"चाखून बगा."

मी चाखलं. जिभेवर साबणाचा तुकडा ठेवल्यासारखं झालं. आणि मी, मामींना शब्द दिलेला माणूस, म्हणालो, "फस्क्लास."

मामा कढईवर वाकले, वास घेतला. डोळे बारीक करून रंग पाहायचा प्रयत्न केला. तो दिसत नव्हता हे मला कळत होतं. एका बाजूला माझं फस्क्लास, दुसऱ्या बाजूला त्यांचं नाक, आणि समोर तीनशे माणसांची पंगत. त्यांनी उलथन्यावरचा चिमूटभर कांदा बोटावर घेतला, फुंकर मारली आणि जिभेवर ठेवला.

मला ओरडायचं होतं. ओरडलो नाही.

"मूठभर सोडा हाय ह्याच्यात," मामा म्हणाले. तांब्या घेऊन मांडवाच्या कडेला गेले, तीन चुळा भरल्या, क्षणभर हात जोडून उभे राहिले आणि परत आले. "चला. कांदा चिरा."

मी म्हणालो, "मामा, तुमचं काशीचं..."

"देव बगत हुता. कुणी खायला लावलं ते त्याला कळतंय. चिरा दमानं, सारख्या फोडी."

ती कढई शेताकडच्या खड्ड्यात रिकामी केली. मी नव्यानं कांदा चिरला आणि मामांनी तो नव्यानं परतला, पूर्ण वेळ घेऊन. मीठ, बारीक आच, हबका, सगळं. भाऊजी पुन्हा धावत आले तर म्हणाले, "दमानं पाव्हणं. नवरदेव मारुतीपुढं नाचायलाय अजून. त्यो मांडवात यीतवर कांदा व्हतो." आणि खरंच, वरात डीजेच्या गाडीला चिकटून बसली होती. मुहूर्त तासभर टळला, आमची पंगत वेळेवर बसली. रस्सा उत्तम झाला. मी चाखला नाही. मामांनी वाढप्यातल्या एका म्हाताऱ्याला चाखायला लावला.

पण खड्ड्यातला कांदा भाऊजींनी पाहिला होता. सगळं आटोपल्यावर चारचौघांत त्यांनी विचारलं, "अकरा किलो कांदा कसा काय गेला, मामा?"

मी तोंड उघडणार होतो, असं मला पुढं कित्येक महिने वाटत राहिलं. खरं तर मी पान लावत होतो.

"माजी नजर चुकली," मामा म्हणाले. परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, असं का सांगितलं? ते म्हणाले, "तुमाला भैनीच्या घरी जन्मभर यायचंय. मला काय, लोक चार दिवस बोलत्याल."

लोक चार दिवसांत थांबले नाहीत. 'मामांना आता दिसत नाही, कांदा जाळला' हे ताडकळसहून मानवतला माझ्याआधी पोचलं. ठरलेली दोन लग्नं हातची गेली. मामा ओट्यावर बसून म्हणायचे, "बरं झालं, गुडगे दुकायलेत." मी समोरच्या खिडकीतून ते ऐकायचो आणि पेपर वाचायचो.

भाऊबीजेला बहिणीकडं जेवायला बसलो होतो. भाऊजींनी आलेल्या पाहुण्यांना तीच गोष्ट रंगवून सांगायला घेतली: आंधळा आचारी, खड्डाभर कांदा. पाहुणे हसले. माझ्या तोंडात घास होता. त्या घासासकट मी म्हणालो, "सोडा मी टाकला होता."

बहिणीनं वाढायचं थांबवलं. भाऊजींनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, दाढीवाल्यासकट. आता पाहुणे जास्त हसले. मग भाऊजी उठले आणि सगळ्यांच्या देखत मामांना फोन लावला. काय बोलले ते ऐकायला मी थांबलो नाही, हात धुवायला गेलो. पण त्यानंतर ताडकळसहून मामांना एक बारसं आलं, दोन साखरपुडे आले. लग्न मात्र आलं नाही. ती माझी देणगी.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण गुडघ्यांनी खरंच दगा दिला. गेल्या वर्षी मामा-मामी लेकीकडं राणीसावरगावला कायमचे राहायला गेले. टेम्पोत सामान भरताना मामांनी आपली जाड बुडाची कढई माझ्या हातात दिली. "घासा दमानं," एवढंच म्हणाले.

त्या कढईत मी आठवड्यातून एकदा कांदा परततो. शोभा डब्यात भरून ठेवते, चार दिवस पुरतो. अडलं की मी मामांना फोन लावतो आणि फोन कढईजवळ धरतो. ते तिकडून ऐकतात. "आजून वरडतंय, ठिवा फोन," म्हणतात. किंवा "हबका मारा आता." अजून एकदाही चुकले नाहीत.

परवा कांदा कुरकुरायच्या बेतात होता, मामा ऐकत होते, आणि मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. "मामा, त्या दिवशी तुम्ही माझ्यापायी कांदा चाखलात. पुन्हा खायला लागलात की नाही?"

"एकदा चुकलं मनून रोज चुकायचं का?" मामा म्हणाले, आणि मग अगदी हळू, "फोन स्पीकरवर हाय, सायब."

म्हणजे मामींना हे आजवर माहीत नव्हतं.

तिकडून काहीच आवाज येईना. मामांनीच शिकवलं होतं, गप झालं की जागं राहावं. मी गॅस बंद केला आणि फोन कानाला लावला.

"ह्यांनी काशीला कांदा सोडला," मामी म्हणाल्या. "तवा तुमी शेजारी असता, तर तुमालाच तितं सोडून आलो असतो."