वहिनी आडवी मावेल अशी गाडी

आमचा दादा भित्रा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर सांगते, आणि तो मान हलवून कबूल करतो. लिफ्ट तपासणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. तुम्ही-आम्ही लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो आणि आरशात केस सारखे करतो. दादा त्याच लिफ्टच्या टपावर अंधारात उभा राहून पोलादी दोरांवरून जुन्या फडक्याचा बोळा फिरवत असतो. दोराची एखादी जरी तार तुटलेली असली तरी फडकं अडकतं. अडकलं की तो लिफ्ट बंद करून खाली येतो, आणि मग अख्खी इमारत त्याचा उद्धार करत जिने चढते. बरोबरचे लोक त्याला ‘थांबासाहेब’ म्हणतात. हे कुठून तुटेल याचाच विचार ज्याने जन्मभर केला, त्याला धीट हो म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे? घरात स्टुलावर चढायचं झालं तरी तो आधी स्टूल हलवून बघतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो याच्या पाठी लागलेला.

वहिनी अगदी उलट. शाळेत चित्रकला शिकवायची, मोठ्याने हसायची, वर्गातली मुलं तिला घाबरायचीच नाहीत म्हणून मुख्याध्यापिका तिच्यावर नाराज असायच्या. ती वहिनी गेल्या वर्षी अंथरुणाला खिळली. कण्यातला एक मणका आतून पोकळ होत गेला होता. घाटापलीकडच्या रुग्णालयात उपचार सुरू झाले, महिन्यातून दोनदा जायचं ठरलं, आणि डॉक्टरीणबाईंनी दादाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, “यांना बसवायचं नाही, वाकवायचं नाही. सरळ आडवं न्यायचं. मणका वाटेत सरकला तर पाय गेले, असंच समजा.”

दादाच्या तोंडचं पाणी पळालं ते तेव्हा. रुग्णवाहिका अपघातांसाठी राखून ठेवतात, ठरलेल्या तपासणीला मिळत नाही. पहिल्या दोन खेपांना कुणाकुणाच्या ओळखीने सोय झाली, पुढे ओळखी संपल्या. मी बेकरीची व्हॅन चालवते, पण ती मालकाची, आणि तिच्या स्प्रिंगा म्हणजे निव्वळ दगड. पावांना कणा नसतो म्हणून चालतं. तेव्हा गाडी घ्यायचीच, असं ठरलं. मागची सीट पाडली की डिकीपासून पुढपर्यंत सपाट जागा होते, मागचं दार वर उघडतं, तसली लांब गाडी. स्टेशन वॅगन.

जुन्या गाड्यांच्या दलालाकडे तशा दोनच होत्या. एक लहान, चंदेरी, दोन वर्षांची, इंजिन चालू आहे की बंद ते कळू नये इतकी गप्प. दुसरी काळी, लांबलचक, सोळा वर्षांची. किंमत दोघींची सारखीच, त्यामुळे निवडीला तोही आधार नाही. दादा आठवडाभर जेवताना एकच पालुपद आळवत होता.

“लहान घेतली तर हिला मुडपावी लागेल. मोठी घेतली तर घाटात बंद पडेल. तिथे फोन लागत नाही, गं. रस्त्याला कडेला थांबायला जागा नाही. ही मागे आडवी, आणि मी काय करू? बॉनेट उघडून बघत बसू?”

“अरे, बंद पडेलच कशावरून?”

“पडणार नाही कशावरून?”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध आमचा दादा भात कालवत बसलेला. शेवटी वहिनीच आतल्या खोलीतून ओरडली, “अहो, कपडे घेताना माणूस अंगाला लावून बघतो की नाही? मला नेऊन घालून बघा दोन्ही गाड्यांत!”

दलालाचं आवार दोन गल्ल्या पलीकडे होतं. दादाने वहिनीसाठी चार मुठींची एक रुंद फळी करून घेतली होती, वर पातळ गादी. त्या फळीवरून तिला माझ्या व्हॅनमध्ये चढवलं आणि मी चालण्याच्या वेगाने गाडी नेली. मागून हॉर्न वाजत होते. वाजू देत.

आधी चंदेरी. पुढची सीट पार पुढे ढकलली, फळी तिरकी घातली, तरी वीतभर बाहेर राहिली आणि दार लागेना. मग फळी काढून वहिनीला कुशीवर, गुडघे जरासे मुडपून निजवलं. दार लागलं. “मावले की!” वहिनी आतून म्हणाली.

मग काळी. दादाने आणि दलालाने फळी टेकवली, जरासा रेटा दिला, आणि वहिनी एखाद्या खणासारखी अलगद आत गेली. पाय लांब करून वर अजून जागा होती. मला तर वाटलं, झालं, प्रश्न मिटला. दलालाने दार लावलं. दादा बाजूच्या लांब काचेपाशी गेला आणि त्याने आत पाहिलं.

त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की मी कळवळले. मीही आत पाहिलं. काळ्या गाडीत, लांब काचेमागे, वहिनी फळीवर उताणी होती, हात पोटावर, डोळे मिटलेले. दोघांच्याही मनात एकच आलं होतं.

तिला बाहेर काढल्यावर दादा आत वाकला आणि त्याने तळाचा गालिचा उचलला. खाली दोन पोलादी पट्ट्या होत्या, आणि त्या पट्ट्यांत ओळीने छोटी रबरी चाकं.

“हे काय?” त्याने दलालाला बाजूला घेऊन विचारलं. आवाज असा, की मी त्याचा हात धरला.

दलालाने डोकं खाजवलं. “आता तुमच्यापासून काय लपवायचं, साहेब. शववाहिनी होती. पण इतकी जपून, इतकी हळू चालवलेली गाडी तुम्हाला शोधून सापडायची नाही. कुणा गिऱ्हाइकाची आजवर एक तक्रार नाही.”

त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दादाने परत जाऊन गालिचा होता तसा पसरला. “लहानच घेऊ,” तो मला म्हणाला. “हिला यातलं काही सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे.”

“तुझ्या भीतीपायी तिने गुडघे मुडपायचे का?”

“हो,” तो म्हणाला. “त्या गाडीत घालून मी तिला नेऊ शकणार नाही. नाहीच जमणार मला.”

चंदेरीतून एक चक्कर मारून बघायची ठरली. वहिनी मागे कुशीवर, दादा चालवायला, मी पुढे गुडघे छातीशी घेऊन कोंबलेली. दादा शहाळी घेऊन चाललेल्या हातगाडीपेक्षाही हळू चालवत होता. गतिरोधक आला की आधी म्हणायचा, “आला हं.” वहिनी म्हणायची, “येऊ द्या.” दर वळणाला तो विचारायचा, “कसं वाटतंय?” ती म्हणायची, “मस्त.” तिसऱ्या की चौथ्या वेळी ती म्हणाली, “बरंय.” त्यानंतर नुसतं “हूं.”

परत येऊन दार उघडलं. दादाने सवयीने तिचा डावा तळवा दाबला. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं, दर वेळी उचलता-ठेवताना तो दाबून विचारतो.

“कळतंय ना?”

“काय?” वहिनी म्हणाली.

दादाने पुन्हा दाबलं. नखाने टोचलं. वहिनी आमच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. “दाबताय का तुम्ही?” तिने विचारलं.

आम्ही तिला फळीवर सरळ केलं आणि फळी तिथेच जमिनीवर ठेवली. दादा खडीत मांडी घालून बसला. तिचं पाऊल त्याने दोन्ही हातांत धरलं आणि चोळायला लागला, अंगठा, बोटं, घोटा, पुन्हा अंगठा. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, मला शब्द कळले नाहीत. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावत होते आणि माझी बोटं भलतेच आकडे दाबत होती. दलाल पाण्याची बाटली घेऊन उभा होता, ती कुणाला द्यायची हे त्याला सुचत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं, गेले. वहिनीचे पाय गेले, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत, गाड्या बघायला म्हणून आलो आणि गेले.

“मुंग्या,” वहिनी एकदम म्हणाली. “मुंग्या येतायत.”

दादाने तिच्या पावलावर कपाळ टेकलं. मग त्याने मान वर केली आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पहिल्यांदाच मी त्याला तिच्यावर ओरडताना ऐकलं. “पाय बधिर होत होता तर सांगितलं का नाहीस? मस्त काय, बरंय काय! जीव घेतेस का माझा?”

“सांगितलं असतं तर तुम्ही ती काळी घेतली असती.”

“चाकं दिसली तुला?” मी विचारलं.

“दिसायला कशाला हवीत? पाठीखाली घरंगळली की. वन्सं, मला चाकांची भीती नाही. मला यांची भीती वाटली.” ती दादाकडे वळली. “डोळे किलकिले करून बघत होते मी. काचेतून तुम्ही मला मेलेली बघितलीत. तुमचं ते तोंड मला विसरता येत नाही. महिन्यातून दोनदा तुम्ही मला तसंच बघणार असाल, तर मला नको ती गाडी. पाय गेले तरी चालतील.”

दादाने तिचं पाऊल हळूच गादीवर टेकवलं. मी काही बोलले नाही, आणि ज्यांना माझी जीभ माहीत आहे त्यांनी याची नोंद घ्यावी.

“मग बाहेरून बघणारच नाही मी,” तो म्हणाला.

“म्हणजे काय कराल?”

“आत येईन. तुझ्याशेजारी. ही चालवेल.” त्याने माझ्याकडे बोट केलं.

तो उठला, पँटची खडी झटकली आणि त्या काळ्या गाडीत गुडघ्यांवर शिरला. फळीची जागा सोडून एका अंगाला आडवा झाला. मावला. मग पाठीवर निजला. “लाव दार,” तो मला म्हणाला. मी दाराला हात घातला तोच ओरडला, “थांब! हे आतून कसं उघडतं?”

“आतून कशाला उघडायचंय कुणाला?” दलाल म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

काळी गाडी आम्ही घेतली. दादाने पट्ट्या आणि चाकं उपटून काढली, ब्रेक, इंजिनचे पट्टे, नळ्या, सगळं नवं बसवून घेतलं. धरून राहायला दोन्हीकडे पट्टे लावले. आणि मागच्या दाराच्या खिटीपासून एक बारीक पोलादी दोर काढून वहिनीच्या उजव्या हाताशी आणला, टोकाला लाकडी मूठ. मूठ ओढली की खिटी सुटते आणि दार आपोआप वर जातं. त्याने ती इतक्या वेळा ओढून पाहिली की शेजारचे गॅलरीत येऊन बघायला लागले.

पहिल्या खेपेला मी स्टिअरिंगवर बसले आणि मला समजलं की आपण आता पाव घेऊन चाललेलो नाही. मागून दादाचा आवाज सारखा येत होता. “घाट लागला का? कुठलं वळण? मागे ट्रक आहे का?” वहिनी त्याला गप्प करत होती, तो गप्प होत नव्हता. मीही वैतागून एकदा म्हणाले, “अरे, जरा शांत बस की!”

आणि अर्ध्या घाटात तो शांत झाला. वहिनीही.

आरशात मला फक्त छत दिसत होतं आणि गादीची कड. “दादा,” मी हाक मारली. उत्तर नाही. “वहिनी!” इंजिन चढावर घोंघावत होतं, त्यात ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला समजावलं. मग जोरात ओरडले. काहीच नाही. मघाशी एका खड्ड्यात चाक आपटलं होतं. त्यात मणका सरकला असेल. तिचं काही झालं असेल आणि ते बघून याची वाचा गेली असेल. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा, मागे ट्रकांची रांग. थांबायची सोय नव्हती. मी जीव मुठीत धरून चालवत राहिले, आणि ज्या गाडीचा मला कधी विटाळ वाटला नव्हता त्या गाडीत मागे दोन माणसं गप्प निजली आहेत, याने माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. मान वळवून बघायची हिंमत झाली नाही. देवाची आठवण मी सहसा काढत नाही. त्या दिवशी सगळ्यांची काढली.

रुग्णालयाच्या दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम सामसूम झाली. मी उतरले आणि गाडीच्या कडेने मागे गेले, काचेकडे न बघता, नजर जमिनीवर. मागच्या दारापाशी पोचले. हात पुढे केला, पण उघडवेना. दादाला त्या दिवशी आवारात काय वाटलं असेल ते मला आता पुरतं कळलं, आणि मी तिथेच उभी राहिले.

खट् करून खिटी सुटली. दार माझ्यासमोर आपोआप वर गेलं. चार पावलं दिसली, दोन मोज्यांतली, दोन बुटांतली. मोज्यातल्या डाव्या पायाची बोटं हलत होती.

“हळू, वन्सं,” आतून वहिनी कुजबुजली. लाकडी मूठ अजून तिच्या हातात होती आणि दादा तिच्या खांद्याला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होता. “घाटात कसाबसा डोळा लागलाय त्यांचा, म्हणून तुम्हाला ओ दिली नाही. डॉक्टरीणबाईंना सांगा, येतो जरा वेळाने.”