रविवारचं टपाल

शालनने मला मेल बघायला घरी पाठवलं तो बुधवार होता. मुलुंडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ती आठ दिवस पडून होती. बोलताना धाप लागायची, म्हणून शब्द मोजून वापरायची, आणि जिने आयुष्यात कधी एक शब्द मोजला नाही तिला असं बोलताना बघवत नव्हतं. तिने उशीखालून घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "बघून ये." काय बघायचं ते सांगायची गरज नव्हती. मी रिक्षाने तिच्या घरी गेले, लॅपटॉप उघडला, मेल आणायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही. परत येऊन मी दारातूनच मान हलवली. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शुक्रवारी सकाळी तिच्या पुतण्याचा, प्रशांतचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकी गेली," तो म्हणाला. याला काल सात आठवडे झाले.

शालन तावडे म्हणजे माझी समोरच्या दाराची शेजारीण. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत आम्ही तीस वर्षं एकमेकींच्या घरातलं कुकरच्या शिट्टीपासून भांडणापर्यंत सगळं ऐकत आलो. ती मूळची मालवणकडची, वडील गिरणीत. नवरा, अनंतराव, यांचा पश्चिमेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा होता, तिथे रबरी वायसर बनायचे. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली, त्यामुळे सोसायटीत कोणाचा फोन, टीव्ही, वायफाय काहीही बिघडलं की "मीनाताईंना विचारा." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. शालन मात्र माझ्या या शहाणपणाची यथेच्छ टिंगल करायची. माझे यजमान हॉस्पिटलात होते तेव्हा ही रोज सकाळी डबा दाराशी ठेवून, बेल वाजवून, आपल्या घरात पळून जायची आणि दार लावून घ्यायची. एकदा मी तिला जिन्यात गाठून आभार मानू लागले तर म्हणाली, "गप गो. आभार मानायला लागलीस तर उद्यापासून मीठ घालणार नाय."

तिचा एकुलता एक मुलगा निखिल कॅनडात. अनंतरावांचा आजार कळला तेव्हा त्याच्या तिकडे राहण्याच्या परवानगीचं काम अडकलेलं होतं. त्या वेळी देश सोडला असता तर चार वर्षांची खटपट पाण्यात गेली असती. शालनने ठरवलं, पोराला सांगायचं नाही. पाच आठवडे ती त्याच्याशी फोनवर खोटं बोलली. "बाबा गाळ्यावर गेलेत." "बाबा आंघोळीला गेलेत." कधी कधी मी शेजारीच बसलेली असायचे आणि ती बोलता बोलता माझा हात घट्ट धरायची. पाच आठवड्यांनी तिने त्याला खरं सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं एकच उरलं होतं. निखिल आला, दिवस होईपर्यंत राहिला, आणि निघताना माझ्यादेखत तिला म्हणाला, "आई, तू मला बाबांजवळ बसायचे पाच आठवडे चोरलेस. यापुढे मला फोन करू नकोस." तिने एका शब्दाने आपली बाजू मांडली नाही. दोन वर्षं तिने त्याला फोन केला नाही, त्यानेही केला नाही. मायलेक एकाच मातीचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ती एक जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. तिला अनंतरावांचा मेलचा पत्ता त्यावर चालू करून हवा होता. गाळ्याच्या नावाने घेतलेला तो पत्ता होता आणि बापलेकाचा सगळा पत्रव्यवहार त्याच्यावर चालायचा. बापाच्या पत्त्यावरून आलेलं पत्र पोरगा न वाचता पुसणार नाही, असा तिचा हिशोब.

"सरळ फोन कर की," मी म्हटलं.

"फोन करू नको म्हणालाय. मेल करू नको असं कुठे म्हणालाय?"

मी कामाला लागले. पासवर्ड तिच्याकडे होता, पण मेलच्या प्रोग्रॅमला तेवढं पुरत नाही. येणारं टपाल ज्या सर्व्हरवरून उतरवायचं त्याचं नाव, जाणारं ज्याच्यावर टाकायचं त्याचं नाव, दोन्हींचे पोर्ट नंबर, सगळं बिनचूक लागतं. पत्ता ज्यांनी दिला होता ती कंपनी कधीच बंद पडून दुसऱ्या कोणाच्या पदरात गेली होती. मी अंदाजाने नावं टाकत गेले आणि तो प्रोग्रॅम प्रत्येक वेळी 'सर्व्हर सापडला नाही' म्हणून मला वाटेला लावत राहिला. दोन आठवडे हेच. शालन बाजूला बसून शेंगा सोलत बघायची. "गो मीने, तुझां ह्यां सर्वर की फर्वर माझ्या डोक्यात काय घुसणा नाय. पण तुझ्या पण घुसणा नाय, ह्यां बघून बरां वाटतां."

शेवटी मी गाळ्यावर गेले. अनंतरावांच्या मागे गाळा प्रशांत बघतो, चाळिशीतला सज्जन माणूस. कोपऱ्यातल्या त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो पत्ता अजून चालू होता, दर पाच मिनिटांनी मेल उतरत होती. मी सेटिंगचं पान उघडलं आणि जे जे दिसलं ते ओळीने वहीत उतरवून घेतलं, खुणेच्या चौकटींसकट. एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी एका नियमावर गेली होती: चालू लाईनला हात लावायचा नाही, नवीन जोडणी तिच्यासारखीच करायची. प्रशांतने विचारलंसुद्धा, "मावशी, आता काकांचं मेल इथून काढून टाकू का?"

"नको रे," मी म्हटलं. "चालतंय ना? मग राहू दे."

त्या चौकटींमध्ये एक अशी होती की तिच्यावरून ठरतं, मेल एकदा उतरवून घेतली की सर्व्हरवर तिची प्रत ठेवायची की पुसून टाकायची. गाळ्यावर ती पुसण्यावर होती. एकच कॉम्प्युटर असताना त्यात काही वावगं नव्हतं. पण आता टपालाला दोन दारं झाली होती, आणि जो आधी पोचेल तो पत्र घेऊन जाणार, दुसऱ्याला पत्र आलं होतं हेसुद्धा कळणार नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं असतं तर मी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितलं असतं. मला ते सुचलं नाही, एवढंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लॅपटॉपवर सगळं भरून मी माझ्या फोनवरून एक मेल टाकून बघितली. मिनिटात आली. "झकास!" शालनने टाळी वाजवली. तो रविवार होता आणि रविवारी गाळा बंद असतो... एरवी सोमवार ते शनिवार तिथला कॉम्प्युटर कोणी बंद करत नाही, कारण तो एकदा बंद झाला की सुरू व्हायला अर्धा तास खातो. शनिवारी संध्याकाळी मात्र प्रशांत गाळ्याचा मेन स्विच पाडून जातो.

पत्र लिहायला तिला दोन दिवस लागले. मराठी टायपिंग मी शिकवलं, मजकूर तिने मला वाचू दिला नाही. पाठवल्यावर एक वाक्य मात्र सांगितलं: "मी चुकले, असं लिहिलंय गं. तो वाचेल ना?" त्यानंतर ती रोज चार-पाच वेळा लॅपटॉप उघडायची. आठवडाभर शुकशुकाट, आणि रविवारी बँकेची जाहिरात, कुठल्यातरी ट्रॅव्हल कंपनीची काश्मीर सहल. चार-पाच रविवार असे गेल्यावर हसून म्हणाली, "माझां टपाल रविवारचां. सरकारी पोस्टाच्या उलट." मीही हसले. माझ्यासारख्या बाईला तेवढ्या वाक्यात सगळं उमगायला हवं होतं. लाईन सहा दिवस मुकी आणि सातव्या दिवशी बोलती, अशी तक्रार एक्स्चेंजमध्ये आली असती तर मी जागची उठून दुसऱ्या टोकाला काय जोडलंय ते बघायला गेले असते. पण ही शालन होती, ती थट्टा करत होती, आणि सेटिंग मी केलेलं होतं. माझ्या हातून चूक होईल हे माझ्या मनातच आलं नाही. दिवाळीच्या सुमारास तिने मला विचारलं, "मशीन बरोबर आहे ना गं?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "मशीन बरोबर आहे. तुझा मुलगाच लिहीत नाहीये." हे वाक्य मी बोलले. ते मला कोणी विसरू देणार नाही, आणि मी विसरूही नये.

मग हृदयाचं दुखणं निघालं. पाय सुजले, जिना चढवेना. मी म्हटलं, आता तरी निखिलला कळवूया. तिने मला शपथ घातली. "आधी त्याने माझ्या पत्राला उत्तर देऊ दे. मग सांगेन आजाराचं. दया येऊन आलेला मुलगा मला नको, मीने." मी शपथ पाळली. प्रशांतलाही पाळायला लावली. म्हणजे बघा, दुसऱ्यांदाही त्या पोरापासून आजार लपवला गेला, आणि या वेळी त्यात माझा वाटा अर्ध्याहून जास्त होता.

ती गेल्यावर निखिल आला तो तिसऱ्या दिवशी. केस पिकायला लागलेत त्याचे. तेराव्यानंतर तो आईचं कपाट आवरत होता, मी साड्यांच्या घड्या घालत होते. घडी घालता घालता मी पुटपुटले, "एक ओळ लिहिली असतीस रे तिला..." तो थांबला. "मी? मावशी, मी तीनदा लिहिलं. तिनेच उत्तर दिलं नाही." त्याने फोन काढून माझ्यासमोर धरला. पहिलं पत्र तिच्या पत्रानंतर तिसऱ्याच दिवशी गेलेलं: आई, तुझं पत्र मिळालं. मीही खूप बोललो तुला. फोन करू का? तू हो म्हटलंस की करतो. दुसरं पंधरा दिवसांनी: वाचलंस ना? तिसरं दिवाळीनंतरचं: ठीक आहे. समजलो. प्रत्येकावर वार होता, आपल्याकडचा. गुरुवार. शुक्रवार. मंगळवार.

सगळं तिथल्या तिथे समजलं, एखाद्या कामगाराला शॉक बसल्यावर समजतं तसं. आणि मी काय केलं? ताकाला जाऊन भांडं का लपवू... मी म्हटलं, "चहा ठेवते," आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवून ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर तो मुलगा आईच्या साड्या पिशवीत भरत होता, आईने आपल्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही असं समजून, आणि मी आत साखर किती घालायची विचारत होते. तो चार दिवसांनी कॅनडाला गेला. तोपर्यंत मी रोज त्याला जेवायला वाढलं आणि एक अक्षर बोलले नाही. भीती वाटली. तो माझ्याकडे कसा बघेल याची भीती, दुसरं काही नाही.

तो गेल्यावर मी गाळ्यावर गेले. अनंतरावांच्या नावाच्या कप्प्यात तीनही पत्रं होती, न उघडलेली, ठळक अक्षरांत. प्रशांत म्हणाला, "काकांचं खाजगी, म्हणून मी तो कप्पा कधी उघडला नाही." त्याने योग्यच केलं. मी त्याला काय झालं ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, काकीला आता सांगता येणार नाही. पण निखिलला येईल ना?"

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून हा लेख लिहायला घेतला. शालनबद्दल मला चारशे सुचतात. पण ती मेली ते मुलाने आपल्याला टाकलं असं समजून, आणि ते खरं नव्हतं, आणि हे आधी त्या मुलाला कळल्याशिवाय बाकीचं लिहिणं म्हणजे बनवेगिरी. हा लेख छापायला देण्याआधी, गेल्या सोमवारी, मी निखिलला माझ्या पत्त्यावरून सगळं लिहून पाठवलं. गाळा, लॅपटॉप, ती चौकट, रविवार, दिवाळीतलं माझं वाक्य, चहा. तुझी आई रोज तुझ्या पत्राची वाट बघायची, हेही लिहिलं. माफी मागितली. माफ करच, असं म्हटलं नाही.

आज शनिवार. सकाळपासून मी सहा वेळा मेल उघडून बघितली आहे. भाजी फोडणीला टाकली की बघते, दाराची बेल वाजली की आधी बघते आणि मग दार उघडते. एकटीच बसून ते बटण दाबत राहायचं म्हणजे काय असतं, हे तिच्या शेजारी बसूनही मला कधी कळलं नव्हतं. काही नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही. काल मी सगळी सेटिंग दोनदा तपासली, प्रशांतला फोन करून त्याच्याकडून एक मेल मागवून बघितली. आली. दोष मशीनचा नाही. माझं पत्र त्याला पोचलंय, आणि त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.