आप्पांच्या अंगणातला अष्टकोन

आमच्या आणि शेजारच्या आप्पांच्या अंगणामध्ये कमरेएवढीच भिंत. त्यामुळं किस्से मला गोळा करावे लागत नाहीत. कपडे वाळत घालता घालता आपोआप साठतात!

आमच्या न्हावऱ्यात आप्पांची लोखंडी पाइप कापून जोडायची, फॅब्रिकेशनची शेड आहे. त्यांची सून मनीषा दहावीच्या गणितात दोनदा गेलेली. यंदा परत फॉर्म भरला. पास झाली तर शिरूरला आयटीआय, नाहीतर पुस्तकं बंद, असं तिनंच ठरवलेलं.

*

एका सकाळी बघते तर मनीषा अंगणात चार पावलं चालतीय, वळतीय, परत चार पावलं! मागं आप्पा खडूनं खुणा करतायत.

"नवस हाय का गं?"

"न्हाई काकू, षटकोन! दर कोपऱ्याला साठ अंश वळायचं. सहा वळणं, तीनशेसाठ. निघालो तिथंच परत!"

"मग बसूनच ऱ्हायचं की!"

*

त्याच आठवड्यात बाकावर सावलीला उभारायच्या षटकोनी लोखंडी छत्रीची ऑर्डर आली. सून म्हणाली साठ, म्हणून आप्पांनी सहाही पाइपांची टोकं साठ अंशात तिरकी कापली. जोडायला घेतली, तर तीन पाइपांतच चौकट बंद! उरलेल्या तीनची दुसरी.

मनीषा रडकुंडीला आली. "आप्पा, वळण साठचं, पण दोन पाइपांनी तीस-तीस वाटून घ्यायचं. सांगायचं राहिलं माझं."

आप्पा म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगू, त्रिकोणावर त्रिकोण फ्री!"

*

"बाजू वाढल्या की आतला कोन मोठा होतो," मनीषानं एकदा मला शिकवलं. "वाढत वाढत आकार गोल दिसाय लागतो."

मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या माझ्या भाकरीचे कोपरे मोजायच्या! बारा वर्षं लागली गोल व्हायला.

*

सराव परीक्षेत अष्टकोनाचा आतला कोन विचारला. मनीषानं बाहेरचा पंचेचाळीस लिहिला. घरी येऊन जेवली नाही.

आप्पांनी ते दोन त्रिकोण शेडच्या भिंतीला टांगले. "चाळीस वर्षं पाइप कापतोय मी. माझी चूक भिंतीवर हाय, तुझी नुसती कागदावर. ऊठ, अष्टकोन चाल. सरळ गेली असतीस तर एकशेऐंशी. वळलीस तेवढं वजा कर."

"एकशेपस्तीस," ती पुटपुटली. मग जेवली.

*

पेपरच्या दिवशी आप्पा तिला बाइकवर शिरूरला घेऊन गेले. मीही एसटीनं गेले. काम होतं. काय काम? काहीच नाही!

पेपर सुटला. गेटवर ही गर्दी. मनीषा आत मैदानातच थांबली. आम्हाला बघितलं. चार पावलं चालली, थोडी वळली. परत चार पावलं, परत वळली. आप्पा बोटांवर वळणं मोजायला लागले. आठव्या वळणाला ती निघाली होती तिथंच उभी राहिली.

गेटवरचा पोलीस म्हणाला, "बाई वाट चुकल्या का काय?"

आप्पांनी टोपी काढून डोळे पुसले.

"न्हाई साहेब. बरोब्बर जागेवर आली!"