वच्छलाबाईंचा दुसरा जोड

वच्छलाबाई मला कधीच आवडल्या नाहीत. तोंडाळ बाई. साडीची घडी जरा वाकडी पडली की चारचौघांत बोलणार, डबा उघडला की भाजीत मीठ किती ते न चाखता सांगणार. इतवारीतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात त्या एकोणीस वर्षं उभ्या होत्या. उभ्या म्हणजे खरोखर उभ्या. सकाळी दहा ते रात्री आठ, काउंटरमागे, अनवाणी.

अनवाणी, कारण आमचे मालक सुशीलभाऊ. त्यांचं म्हणणं, कपडा म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे पायात काही घालायचं नाही. पूर्वी दुकानात पांढरी गादी होती, तेव्हा गिऱ्हाईकही चपला बाहेर काढून मांडी घालून बसायचं. तेव्हा त्या नियमाला अर्थ होता. मग गादी गेली, ग्रॅनाइटची फरशी आली, काचेचे काउंटर आले, एसी आला. गिऱ्हाईक बूट-सँडल घालून थेट आत यायला लागलं आणि सुशीलभाऊ त्यांना हात जोडून "या, या" म्हणायला लागले. नियम उरला तो फक्त आम्हा पाच बायांना. सुशीलभाऊ स्वतःही अनवाणी असत, हे खरं. पण गल्ल्यावर गुबगुबीत खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय अनवाणी असले काय आणि नसले काय!

गेल्या वर्षी वच्छलाबाईंची टाच गेली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की खिळा घुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ तळाचे चांगले बूट घ्या, अनवाणी उभं राहू नका. त्यांनी त्यातलं पहिलं ऐकलं, दुसरं कानाआड गेलं. दुकान सुटल्यावर त्यांनी मला ओढतच महाल भागातल्या बुटांच्या दुकानात नेलं.

"चाल वं सोनिका. तुले भाव करता येते. मी भांडतो, तू भाव कर."

तिथले नत्थूजी जुने जाणते. त्यांनी आधी दोन्ही पाय कागदावर ठेवून आखले.

"संध्याकाळी आल्या, बरं केलं. दिवसभरानं पाय फुगते. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावते," ते म्हणाले. "डावा पाय मोठा आहे तुमचा. माप त्याचंच घ्या. बसून नोका पाहू, उभ्या राहा. आंगठ्यापुढे बोटभर जागा आहे? टाच हालते काय?"

मग बूट हातात घेऊन वाकवून दाखवला. "बोटांजवळ वाकला पायजे. मधातून वाकला तर तो बूट नाही, पापड आहे."

वच्छलाबाई दुकानाबाहेरच्या फरशीवर चार चकरा मारून आल्या आणि चक्क हसल्या. मी त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. करड्या रंगाचा जोड घेतला. नत्थूजींनी एवढं सगळं विचारलं, पण हे बूट नेमके कुठे घालणार, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हा दोघींनाही सुचलं नाही. एकोणीस वर्षांची सवय. दुकानात पाय उघडे असतात, हे आम्ही पाय आहेत इतकं गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या नंदनवनातल्या घरून बसने आल्या, हातगाड्यांतून वाट काढत दहा मिनिटं चालल्या, दुकानाच्या दारात आल्या आणि बूट काढून बाहेरच्या रॅकवर ठेवले. ठेवले आणि तिथेच थांबल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दिवसभर बूट रॅकवर आराम करणार आणि बाई ग्रॅनाइटवर उभी.

मला हसू आलं. मी हसलेही. ते आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

महिन्याभराने त्यांनी तसाच दुसरा जोड घेतला. रस्त्याला एकदाही न लावलेला, धुतलेल्या कापडी पिशवीत. सुशीलभाऊंपुढे नेऊन म्हणाल्या, "भाऊ, हा जोड बाहेर जाणारच नाही. चामडं बी नाही, रबर आहे. टाच लई दुखते."

भाऊंनी पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. "बूट तो बूट. लक्ष्मीपुढे चालणार नाही. जमत नसेल तं घरी बसा."

घरी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. नवरा गेलेला, मुलगी अदिती कॉलेजात. त्या पुन्हा अनवाणी उभ्या राहिल्या. पिशवी काउंटरखाली पडून राहिली आणि त्यांचं लंगडणं वाढत गेलं.

लग्नसराईत एक दिवस बस्ता आला. लग्नाची खरेदी, नऊ माणसं. नवरीची आत्या उंच टाचांचे सँडल टकटक वाजवत थेट वच्छलाबाईंपुढे आली. वच्छलाबाई शालू उघडता उघडता थांबल्या.

"काकू, सँडल बाहेर काढून या. इथं लक्ष्मी आहे."

आत्याबाई ओशाळल्या, सँडल काढायलाही लागल्या. सुशीलभाऊ खुर्चीवरून असे उठले की खुर्चीच मागे आपटली.

"वच्छलाबाई! डोकं फिरलं काय तुमचं?"

"काहून? तुमीच सांगता न भाऊ. लक्ष्मीले माये पाय दिसते, ह्या काकूंचे दिसत नाही काय?"

आत्याबाई अनवाणी उभ्या राहिल्या. पाच मिनिटंही झाली नसतील, फरशी गार लागते म्हणून त्यांनी खुर्ची मागितली. सुशीलभाऊंनी स्वतः उचलून आणली. ते पाहून वच्छलाबाईंनी काउंटरखालची पिशवी ओढली, जोड काढला आणि सगळ्यांदेखत पायात घातला.

"उद्यापासून येऊ नोका," सुशीलभाऊ म्हणाले.

वच्छलाबाई आम्हा चौघींकडे वळल्या. त्यांनी सगळ्यात शेवटी माझ्याकडे पाहिलं. "बोला न वं कोणी. तुमचे पाय लोखंडाचे आहेत काय?"

मी घडी घातलेली साडी उलगडून पुन्हा घडी घालत होते. बाकीच्या तिघीही काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागल्या. त्या बूट घालूनच दुकानाच्या मधून चालत बाहेर पडल्या.

बस्ता काही न घेता गेला आणि बोभाटा झाला. गिऱ्हाईक येऊन विचारायला लागलं, "तुमच्याच इथं बायांले अनवाणी उभं करते ना?" दोन महिन्यांत सुशीलभाऊंना अचानक साक्षात्कार झाला. त्यांनी आम्हा चौघींना बूट दिले, जिच्या तिच्या मापाचे, हार घातलेल्या लक्ष्मीसमोर, फोटो काढून. 'आमच्या भगिनींची काळजी' असं लिहून तो फोटो मोबाइलवर गावभर फिरवला. ढोंगी माणूस! आणि आम्ही त्या फोटोत हसतोय. मीही हसतेय.

बूट मात्र झकास आहेत. पाठ दुखत नाही, रात्री पोटऱ्या चेपाव्या लागत नाहीत.

परवा दुकानातून सुटले ती तशीच नंदनवनला गेले. वच्छलाबाई आता घरीच साड्यांना फॉल लावतात, मशीनवर बसून. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे. पाहतच राहिल्या. मला माफी मागायची होती, वाक्यही ठरवलं होतं. मी आधी भिंतीजवळची खुर्ची ओढली.

"बसू नोको," त्या म्हणाल्या. "उभीच राय. बूट चांगले आहेत न तुये."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.