पित्त नव्हतं ते

सुनंदा गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून सकाळी आला आणि दुपारपर्यंत आमच्या धायरीच्या घराबाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही. सुनंदा माझी नणंद. तिचं आयुष्य गेलं रक्तवाहिन्यांच्या आजारावर संशोधन करण्यात, आणि ती गेली स्तनाच्या कर्करोगाने. एवढं मिळाल्यावर लोक सोडतात होय? भिंतीला टेकून बसलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “येवढी शिकली, पर सोताला वाचवता आलं न्हाई.” बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मी गप्प बसले, ती समोर निजलेली होती... आज बसणार नाही.

सुनंदा स्वतःला वाचवायला शिकलीच नव्हती मुळी. आमच्या सासूबाईंची गर्भपिशवी तिशीतच काढली होती, अंडाशयांसकट. आजार काही फार मोठा नव्हता. पण पाळीच्या दिवसांत बाईने देवाला आणि चुलीला शिवायचं नाही, शेतात मात्र राबायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मुलंबाळं झाली की ‘एकदाची अडचण गेली’ म्हणत गावातल्या बायका पिशवी काढून मोकळ्या व्हायच्या. सासूबाईही झाल्या. पुढे चाळिशीत, मी घरात नवी सून असताना, एका सकाळी त्यांची पाठ आणि जबडा दुखायला लागला, घाम सुटला. सगळे म्हणाले, पित्त. बाईमाणसाला कुठे हार्ट अटॅक येतो? सोडा झाला, ओवा झाला, लिंबू तर सुनंदानेच पिळून दिलं. दुपारी सासूबाई गेल्या. सुनंदा तेव्हा कॉलेजात होती. कितीतरी दिवस तिने लिंबाला हात लावला नाही, आणि मग जी अभ्यासाला बसली ती उठलीच नाही. लग्नाचं विचारायला आलेल्यांना ‘वेळ झाला की कळवते’ म्हणाली. अजून कळवतेय.

तिचं काम मला कळेल असं तिने एकदा जेवताना सांगितलं होतं. रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं, त्यावर इस्ट्रोजेन या हॉर्मोनचे रिसेप्टर असतात. ते म्हणजे दारावरची बेल. हॉर्मोन येऊन बेल दाबतं, आत निरोप जातो: सैल राहा, सुजू नकोस. वयाआधीच अंडाशयं काढली की बेल दाबणारंच कोणी उरत नाही आणि वाहिन्या लवकर कडक व्हायला लागतात. मी म्हटलं, पुण्यात बेल दाबली म्हणून दार कोण उघडतं? ती खूप हसली. मग म्हणाली, तेच तर. फार उशिरा गोळ्या देऊन बेल दाबत बसलं तर आतून उत्तर येईलच असं नाही. याचं सगळं गणित अजून कुणालाच सुटलेलं नव्हतं आणि सुटल्याचा आव तिने कधी आणला नाही.

मग तिच्या स्वतःच्या गाठीत तेच रिसेप्टर निघाले. त्यांना गप्प करणारी गोळी ती रोज घ्यायची. मी चिडून विचारलं, हे तुझं हॉर्मोन चांगलं की वाईट, ते एकदा सांगून टाक. “चांगलं-वाईट ठरवायला ते काय सांगून आलेलं स्थळ आहे, वहिनी? कुठे आणि कधी, ते बघायचं.” शेवटपर्यंत तिची जीभ अशीच चालली. मला फार आठवण येते तिची. फार.

ती गेल्यावर काही दिवसांतच माझ्या धाकट्या जावेला, कविताला, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. वय पस्तिशीच्या आत. रक्तस्राव फार, पिशवीत गाठ. मूल झालंय, तेव्हा पिशवी आणि अंडाशयं सगळंच काढू, पुढे कॅन्सरची भीती नको. आत्याबाईंना तेच हवं होतं. सुनंदाचं बघितलं ना, काढा समदं. अहो, कविता या घरची सून, तिचं आणि सुनंदाचं रक्ताचं नातं कुठलं? कविता घाबरून हो म्हणायच्या बेतात होती. मी तिच्याबरोबर गेले आणि डॉक्टरांना विचारलं, “गाठ पिशवीत आहे ना? मग अंडाशयांनी तुमचं काय घोडं मारलंय?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आम्ही उठलो आणि दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, गाठ लहान आहे, औषधं देते, थांबून पाहू.

पिशवी राहिली म्हणजे अडचणही राहिली. दुखवट्यातही आमच्याकडे गौरी चुकवत नाहीत, साधेपणाने बसवतात, आणि नेमकी त्याच दिवशी कविताला पाळी आली. आत्याबाईंनी तिला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. पाळीच्या बायकांना बसवायची ती खोली. तिथे कोणी घरकामाला उठवत नाही म्हणून कॉलेजात असताना सुनंदाने ती बळकावली आणि तिथेच अभ्यास केला. तिचं टेबल, पुस्तकं, चष्मा अजून तिथेच आहे. मी म्हटलं, बसेल की, गौरीही तिथेच बसतील. टेबल भिंतीला सरकवलं, पाट मांडले आणि गौरींचे मुखवटे कविताच्या हातात दिले. तिने गौरी बसवल्या, सुनंदाच्या पुस्तकांच्या पुढ्यात. आत्याबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, “आत्याबाई, कुंकू लावायचं असेल तर आत यावं लागेल.”