किल्लीच्या मागावर

गेल्या डिसेंबरात मी एक सबंध दिवस एका तरुण मुलीचा पाठलाग केला. वय त्रेसष्ट, गुडघ्याला पट्टा, पाठलाग रिक्षातून, तरी केला. घोळ सगळा माझा होता, आणि निमित्त माझ्या घराची किल्ली.

ही किल्ली मी सतत हरवतो. म्हणून पुण्याच्या मुलाने तिला एक गोल चकती अडकवून दिली. किल्ली कुठंही जावो, माझ्या मोबाईलमधल्या नकाशावर तिचा ठिपका दिसतो. त्या दिवशी मी बोर्लीच्या बाजारातून घरी आलो तर दाराला कुलूप, बायको लेकीकडे आणि खिशात किल्ली नाही. मोबाईल काढला. ठिपका दिवेआगरच्या रस्त्याने मजेत चालला होता.

"चोर!" मी नाक्यावरच्या रिक्षावाल्या भागोजीला म्हणालो.

"तुमच्या घरात चोरण्यासारखं हाय तरी काय?" त्यानं विचारलं. पण रिक्षा काढली.

आम्ही दिवेआगरला पोचलो तोवर ठिपका पुढच्या वाडीत. वाडीत पोचलो तोवर म्हसळ्याच्या वाटेवर. मध्ये भागोजीला चहा लागला, त्यात चोराला आणखी आघाडी मिळाली. शेवटी म्हसळ्यात ठिपका थांबला, तो थेट पोलीस ठाण्यात. चोर आयता पकडला गेला म्हणून मी भागोजीच्या पाठीवर थाप मारली आणि ठाण्यात शिरून दरडावून विचारलं, "कुठाय तो?"

बाकावर यशरा बसली होती. मला स्कूटर शिकवणारी यशरा. समोर हवालदार नेत्राताई, हातात यशराचा मोबाईल. 'एक अनोळखी चकती तुमच्याबरोबर फिरते आहे' असं तो मोबाईल तिला वाटेत पुन्हा पुन्हा सांगत होता, म्हणून ती ठाण्यात आली होती.

तेव्हा कुठं मला आठवलं. सकाळच्या शिकवणीत किल्ली मांडीला टोचत होती, म्हणून मी ती तिच्या स्कूटरच्या डिकीत टाकली होती.

"म्हणजे सकाळपासून तुम्ही हिच्या मागावर आहात?" नेत्राताई.

"हिच्या नाही, किल्लीच्या."

"आणि तेपण रिक्षातून!" यशरा म्हणाली. "काका, माझी शिकवणी फुकट गेली म्हणायची."

यशरा ही अशी. हमदुल्लाची मुलगी, बोर्लीत त्याचं किराणा दुकान आहे आणि आमची दोघांची शाळेपासूनची दोस्ती. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात असतो. त्याने पाठवलेल्या पैशातून स्कूटर येते आणि अंगणात चादर पांघरून उभी राहते, कारण चालवणारा तिकडे. यशराने त्या चादरी काढायला लावल्या. गावोगाव जाऊन बायकांना भात कापलेल्या शेतात नेते आणि पहिल्या दिवशी गाडी चालवूच देत नाही. ती आडवी पाडायची आणि स्वतः उचलायची. उचलता आली की पडायची भीती जाते, असं तिचं म्हणणं. तिच्या हाताखालून गेलेल्या बायका आता दवाखान्यात, बँकेत, माहेरी स्वतःच्या स्वतः जातात. सासवा आधी यशराला शिव्या द्यायच्या. हल्ली मागे बसून बाजाराला जातात. शिष्यांत पुरुष मी एकटा. "काका, ब्रेक म्हणजे देवळातली घंटा न्हाय, सारखा वाजवू नका," हे मी रोज ऐकतो.

तर ठाण्याच्या आवारात डिकीतून किल्ली निघाली, सगळे माझ्यावर पोटभर हसले, आणि यशरा निघाली तर स्कूटर सुरूच होईना. बॅटरी उतरलेली. याआधी दोनदा नवी घालूनही उतरायची. समोरच्या गॅरेजमधला निकेत आला, त्याने पुढचं झाकण उघडलं आणि बॅटरीच्या वायरींना जोडलेली एक काळी डबी बाहेर ओढली.

"ही कुणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझी एकच!" मी ओरडलो.

डबीत सिम कार्ड होतं. निकेत म्हणाला, "गाडी कुठं हाय ते लावणाऱ्याला मोबाईलवर घरबसल्या दिसतं. ही तुमच्या चकतीसारखी बोंबलत न्हाय." यशराचं हसू गेलं. तबरेज आखातात, दोह्याला असतो. तिची त्याच्याशी मंगनी, म्हणजे साखरपुडा, झालेली. रजेवर आला तेव्हा हौसेने तिची स्कूटर सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता. मग तिकडून फोन यायचे: "आज म्हसळ्यात लय वेळ थांबलीस?" "दिवेआगरला कुणाकडं गेलतीस?" घरातल्या बायका म्हणायच्या, किती जीव लावतो! तिलाही तसंच वाटायचं.

तिने तिथंच त्याला फोन लावला. त्याने नाकारलं नाही. "काळजी वाटते म्हणून लावलं. त्यात एवढं काय?"

यशराने फोन ठेवला. "ताई, माझी तक्रार लिवा."

नेत्राताईंनी काही लपवलं नाही. "कलम अठ्ठ्याहत्तर पाठलागाचं. बाईची इच्छा नसताना तिच्या मागं मागं जाणं त्यात आहे, तिच्या इंटरनेटवर पाळत ठेवणं आहे. ह्या डबीचं नाव कुठं लिहिलेलं नाही. कशात बसतं ते साहेब आणि वकील बघतील. तो परदेशात, वेळ लागेल. पण लग्न ठरलंय म्हणून चालतं, असंही कुठं लिहिलेलं नाही." आणि कागद पुढे ओढला.

आठवड्याभरात तबरेजच्या घरून निरोप आला: तक्रार मागे घ्या, नाहीतर मंगनी मोडली. शिवाय लग्नानंतर ही शिकवणी बंद. हमदुल्ला माझ्याकडे आला. दुकानात तराजूवर हुकूमत गाजवणारा माणूस, माझ्या ओट्यावर टोपी काढून बसला. "तू समजाव तिला. माझं ऐकत न्हाय. पोरगा कमावता हाय, दारू न्हाय, विडी न्हाय. एका डबीपायी घर मोडायचं?"

मित्राचं तोंड बघवेना. गेलो.

यशरा शेतातच होती. तिने मला गाडीवर बसवलं, मी बांधाबांधाने एक वेडावाकडा फेरा मारला आणि तिच्यापाशी येऊन, चक्क न पडता, थांबलो. आज बाई खूश आहेत असं पाहून विषय काढला. तबरेज वाईट नाही, असं म्हणालो. इतक्या लांब राहतो. माणसाला आपली वस्तू जपावीशी वाटते. आता मीच नाही का किल्लीला चकती लावली?

तिने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं, पुढच्या बाईच्या हातात दिलं आणि म्हणाली,

"तुमची किल्ली हरवली होती, काका, मी कामाला गेले होते."